रोट खाल्लेला फुलबॅक

ये, अशी जवळ सरक. मांडी घाल, फोन उलटा ठेव. कीर्तनाला उशिरा आलेल्यालाही आपल्याकडे सरकून जागा देतात, तू तर वेळेवर आलीस. गोष्ट प्रेमाची आहे आणि थोडी देवीचीही. शेवट गोड आहे, हे आधीच सांगून ठेवते. मधे जीव टांगणीला लागेल, तेव्हा एवढं लक्षात ठेव आणि ऐकत राहा.

तर आषाढ सरत आला होता. जळगावच्या विद्यापीठाच्या मैदानावर रग्बीचं शिबिर लागलं होतं. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांतल्या कॉलेजांची मुलं-मुली आली होती. त्यांतून विद्यापीठाचे दोन संघ निवडायचे, एक मुलांचा, एक मुलींचा. आणि हिवाळ्यात आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरवायचे. यंदा पश्चिम विभागाचे सामने जळगावातच व्हायचे होते, त्यामुळे सगळ्यांच्या अंगात वारं भरलं होतं.

अमळनेरची हर्षाली त्या दिवशी एकटीच लाथेचा सराव करत होती. उंचीने बेताची, पण पायात विजेचा खटका. रग्बीचा चेंडू कसा असतो ठाऊक आहे ना? लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. जमिनीवर पडला की कुठे उडेल, ते त्यालाही माहीत नसतं. हर्षालीने मारलेला चेंडू आधी सरळ गेला, मग एका ढेकळावर आपटला, काटकोनात वळला आणि कडुनिंबाखाली बसलेल्या एका मुलाच्या हातातलं सोललेलं केळं घेऊन गेला.

ती धावत गेली.

"लागलं का?"

"मला नाही," तो रिकाम्या हाताकडे बघत म्हणाला. "केळ्याला लागलं."

"दुसरं मिळेल. जळगावात आहेस."

"धुळ्याहून येतोय. अजून पिशवीसुद्धा उतरवली नाही खांद्यावरची. पाहुण्याचं स्वागत असंच करता का तुम्ही?"

"निवडीसाठी आलास ना? मग पाहुणा कसला?"

तो उठला. चांगला उंच होता. चेंडू उचलून त्याने शर्टाला पुसला आणि दोन्ही हातांनी, पूजेचं ताट द्यावं तसा, तिच्यापुढे धरला.

"नाव?"

"हर्षाली. अमळनेर. स्क्रम-हाफ."

"मी प्रेमराज. फुलबॅक."

तिने ओठ दाबले, तरी हसू सुटलंच.

"काय झालं?"

"काही नाही… नाव मोठं आहे."

"आजोबांनी ठेवलंय. सार्थ करायचं अजून राहिलंय."

तेवढ्यात सर आली. श्रावण तोंडावर आला की आपल्याकडे पाऊस असा येतो, चार थेंब आणि लगेच ऊन. दोघंही कडुनिंबाखाली उभी राहिली, मधे चेंडू धरून. सर थांबली, तरी दोघांच्या ते बऱ्याच वेळाने लक्षात आलं.

शिबिराचे प्रशिक्षक फत्तेसिंग सर. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याचा माणूस. बोलणं कमी आणि शिट्टी जास्त. संध्याकाळी ते मुलामुलींना एकत्र खेळवायचे. त्या खेळात पाडापाडी नाही, नुसता हात लावायचा. "चेंडू हातातून पुढे फेकायचा नाही," ते रोज सांगायचे. "पाय पुढे, चेंडू मागे. मागच्यावर विश्वास नसेल त्याने कबड्डी खेळावी."

घोळक्यातून चेंडू काढून देणं हे स्क्रम-हाफचं काम; हर्षाली तो काढायची आणि मान न वळवता मागे फेकायची. आणि दर वेळी तिथे प्रेमराज असायचा; फुलबॅक म्हणजे सगळ्यांच्या मागे उभा राहणारा गडी.

एकदा तिने विचारलंच. "मी न बघता देते. तू नेमका तिथे कसा असतोस?"

"मी बघत असतो ना."

"चेंडूकडे?"

तो बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधू लागला.

"…चेंडूकडेपण."

त्या रात्री मुलींच्या खोलीत कोणीतरी विचारलं, हर्षाली, भिंतीकडे बघून का हसतेस? तिने सांगितलं, पाल आहे. पाल नव्हती.

आता या गोष्टीतला तिसरा माणूस. भटू हा हर्षालीचा चुलत भाऊ, तिच्या मोठ्या काकांचा मुलगा. मुलांच्या संघात पहिल्या रांगेत डोकं लावून ढकलायचं काम त्याचं. अंगाने रांजण, मनाने लोणी आणि डोक्याने जरा विसरभोळा. सगळा घोटाळा त्याच्या हातून झाला.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आपल्या खानदेशात घरोघर कानबाई देवी बसते. हर्षालीच्या घरची कानबाई म्हणजे अमळनेरच्या अख्ख्या गल्लीचा उत्सव. आणि ती मांडायचा मान भटूच्या आईचा, सुनंदाबाईंचा. हर्षाली त्यांना मोठीमाय म्हणायची. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा-सव्वा मूठ गहू घ्यायचे, सोवळ्याने दळायचे, त्याचे जाडजूड रोट करायचे. गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, खीर, रात्रभर गाणी. सोमवारी सकाळी वाजतगाजत विसर्जन. पण या रोटांचा त्यांच्याकडे एक कडक नियम. ते फक्त कुळातल्याच माणसांनी खायचे. शेजाऱ्याला नाही, पाहुण्याला नाही. टाकायचे नाहीत आणि पुनवेच्या पुढे उरवायचेही नाहीत.

रविवारची सुट्टी घेऊन हर्षाली आणि भटू घरी गेले, सोमवारी दुपारी परत निघाले. मोठीमायने दोन डबे दिले. एकात पुरणपोळ्या, शिबिरातल्या पोरांसाठी. दुसऱ्यात या दोघांच्या वाट्याचे उरलेले रोट. त्या डब्याला त्यांनी लाल फडकं बांधलं आणि भटूला बजावलं, "लाल फडकाना डबा तुम्हना दोन्हीसना. ध्यान ठेव."

भटूने ध्यान ठेवलं. अगदी जळगावच्या स्टॅन्डपर्यंत. तिथे सर आली, डोकं भिजलं, आणि त्याने डोकं पुसायला हाताला लागलं ते फडकं सोडलं.

मैदानावर पोचल्यावर हर्षाली कपडे बदलायला गेली. परत आली, तर कडुनिंबाखाली प्रेमराज डोळे मिटून काहीतरी चघळत होता. मांडीवर डबा. शेजारी भटू, हातावर हात घासत.

"खाय ना भो, घरनं शे," भटू म्हणत होता. "लाजू नको."

हर्षालीने डब्यात बघितलं. आत रोट होते.

"थांब…"

"अं?" प्रेमराजने डोळे उघडले. "पुरणपोळी जरा जाड आहे, पण चव… कोणी केलीय?"

भटूने डब्यात वाकून बघितलं. त्याचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. तिला ओढत तो झाडाच्या मागे घेऊन गेला.

"हर्षाली, आईले सांगू नको. मारी टाकी मले."

"अरे, पण त्याने खाल्ले…"

"खाल्ले." भटू डोकं खाजवू लागला. आणि त्याला स्वतःची सुटका कशात आहे ते सापडलं. "मग काय झालं? तो आपला भाऊबंद झाला. आई म्हणते ना, जो आपला रोट खाई, तो आपला भाऊ. आता मना भाऊ, म्हणजे तुना बी भाऊ. कुळाबाहेर गेलाच नाही रोट. मिटलं."

भटूचं मिटलं. हर्षालीचं तिथून सुरू झालं.

कारण ते वाक्य तिनेही ऐकलं होतं. पाच-सहा वर्षांची असताना दारातल्या मैत्रिणीला ती अर्धा रोट द्यायला निघाली, तेव्हा मोठीमायने मनगट धरलं होतं. आपला रोट जो खाई, तो आपला भाऊबंद. देवीसमोरचं बोलणं, तेही मोठीमायचं. हर्षाली मैदानावर कोणाच्या बापाचं ऐकत नसे, पण कानबाईपुढे डोकं टेकताना ती खरंच टेकायची. देवाधर्माची चेष्टा तिला जमत नव्हती. तिने मनाला पुष्कळ समजावलं की या गोष्टी कोण मानतं आता. मन म्हणालं, तू मानतेस.

आणि वर पुनव आली. राखीची.

शिबिराला सुट्टी नव्हती, म्हणून फत्तेसिंग सरांनीच राख्या आणवल्या. मुलींनी मुलांना बांधायच्या, पेढे वाटायचे, संध्याकाळी नेहमीसारखं पळायचं. हॉलमध्ये मुलं ओळीने बसली. भटू राख्यांचा गुच्छ घेऊन हर्षालीच्या मागेच उभा.

"प्रेमराजला विसरू नको," तो हळूच म्हणाला. "पक्कं करून टाकू."

हर्षाली एकेकाला बांधत पुढे सरकत होती. चार जण राहिले. तीन. दोन. आणि मग प्रेमराज.

त्याने दोन्ही हात पुढे केले. बोटांच्या पेरांपासून कोपरापर्यंत दोन्ही हातांना खेळताना लावतात ती पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. तसूभर मनगट दिसत नव्हतं.

फत्तेसिंग सर चष्म्यावरून बघत जवळ आले. "काय झालं रे?"

"काही नाही सर. खबरदारी."

"कसली?"

"दुखापतीची."

"कुठे दुखतंय?"

"अजून नाही सर. पण आज दुखायची भीती होती."

हॉल फुटला. मुली हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. सरांनीही तोंड फिरवलं. प्रेमराज मात्र हसत नव्हता. खाली मान घालून, कानाच्या पाळ्या लाल करून बसला होता. हर्षालीला सगळं कळलं. इतकं स्पष्ट कोणी शब्दांतही सांगितलं नसतं. ती हसली… आणि हसता हसताच तिचे डोळे भरून आले. हातातली राखी खाली ठेवून ती बाहेर निघून गेली.

नळाजवळ त्याने तिला गाठलं.

"माझं काही चुकलं का?"

"नाही."

"मग रडतेस का?"

"तू काही केलं नाहीस. म्हणजे… केलंस. पण तुला माहीत नव्हतं."

"सांग तरी."

"सांगितलं तर हसशील."

"नाही हसणार."

"नाही हसलास तर जास्त वाईट."

त्याला काहीच उमगलं नाही. धुळ्याच्या त्याच्या घरी कानबाई बसत नव्हती; त्याच्या लेखी तो डबा म्हणजे जरा जाड पुरणपोळी. दोन्ही हातांना पट्ट्या गुंडाळलेला तो उंच मुलगा नळाशी उभा राहिला आणि ती ओला चेहरा पदराने पुसावा तसा जर्सीच्या बाहीने पुसत निघून गेली.

त्या दिवसापासून ती त्याच्याशी लागेल तेवढंच बोलायची. संध्याकाळच्या खेळात घोळक्यातून चेंडू काढायची आणि नेमका दुसरीकडे द्यायची.

"हर्षाली," एकदा सर वैतागले, "डाव्या हाताला माणूस मोकळा उभा आहे. दिसत नाही का?"

"दिसतो सर."

"मग दे ना त्याला."

तिने पुढचा चेंडू उजवीकडे फेकला. पण पुढच्या खेळीला प्रेमराज पुन्हा तिथेच उभा. आणि त्याच्या पुढच्याही.

हंगाम काही कोणासाठी थांबत नाही. गणपती गेले, आंतरमहाविद्यालयीन सामने झाले. धुळ्याच्या दगडासारख्या मैदानावर हर्षालीचे गुडघे सोलले, दोंडाईच्याच्या संघाला तिच्या कॉलेजने हरवलं. दसऱ्याला निवड जाहीर झाली. मुलींच्या संघात हर्षाली स्क्रम-हाफ, मुलांच्या संघात प्रेमराज फुलबॅक, भटू पहिल्या रांगेत. रानात कापूस फुटला, पहाटे अंगावर पांघरूण ओढावंसं वाटू लागलं. आणि दिवाळीनंतर निवडलेल्या संघांचा सराव जळगावला सुरू झाला, तेव्हा एका संध्याकाळी प्रेमराजने मैदानाच्या कडेला तिला थांबवलं.

"एकच विचारतो. घरी बोलू का तुझ्याबद्दल?"

तिने बुटाच्या टोकाने माती उकरली. हो म्हणायला जीभ धजेना. नाही म्हणायला जीव धजेना.

"तू नाही म्हणालीस तर मी परत विचारणार नाही," तो म्हणाला. "पण नाही म्हण. नुसती गप्प राहू नकोस."

ती नुसती गप्प राहिली.

त्याने त्यातला आपल्याला हवा तो अर्थ घेतला, यात त्याला कोण दोष देईल? धुळ्याहून त्याच्या वडिलांचा निरोप अमळनेरला आला. समाज एक, कुळं निराळी, मुलगा शिकलेला, घरचं दुकान. हर्षालीचे वडील हरखले. पण त्या घरात शेवटचा शब्द वहिनीचा, म्हणजे मोठीमायचा. सुनंदाबाई म्हणाल्या, "जळगावले सामना शेत ना? मी येस. पोरगा मैदानमा कसा वागस ते देखसू, मंग बोलसू."

हे फोनवर ऐकलं आणि हर्षाली कॉटवर बसली ती उठलीच नाही. आता लपवून चालणार नव्हतं. न सांगता शब्द द्यायचा म्हणजे देवीला फसवायचं. आणि सांगायचं म्हणजे… मोठीमाय एकदा नाही म्हणाली, की अमळनेरात त्यावर कोणी अपील करत नसे. तिने ठरवलं, सामना संपला की सांगायचं. मग जे व्हायचं ते होवो.

उपांत्य फेरीचा दिवस. थंडीतलं कोवळं ऊन. गुजरातेतल्या एका विद्यापीठाचा संघ समोर होता, एकेक मुलगी पहाडासारखी. सुनंदाबाई कडेच्या खुर्चीवर बसल्या होत्या. डोक्यावर पदर, मांडीवर कापूस, हाताने वाती वळणं चालू. शेजारी भटू. त्या दोघांचं काय बोलणं झालं, ते भटूने नंतर सगळ्या खानदेशाला सांगितलं.

"ह्या पोरी एकमेकीसना गळामा हात घालीसन खाले काय शोधी राहिन्यात?"

"चेंडू, आई."

"मंग सापडस का?"

"सापडला की आपली हर्षाली काढते. ती बघ."

"काढीसन मांगे का देस? पुढे गोल शे ना?"

"पुढे फेकायची मनाई आहे. मागे द्यायचा, आणि मागच्याने घेऊन पुढे पळायचं."

सुनंदाबाईंची वात अर्धवट राहिली. "मंग हाई कीर्तन शे," त्या म्हणाल्या. "महाराज पुढे उभा, चरण मांगे टाळकरीसले देस, त्या उचलतस, तवय अभंग पुढे जास." आणि त्यानंतर त्यांनी वाती बाजूला ठेवून सामना बघितला.

सामना चुरशीचा झाला. शेवटच्या काही मिनिटांत आपल्या मुली अगदी गोलरेषेशी भिडल्या होत्या. हर्षालीने चेंडू काढला, दिला, तिच्या मैत्रिणीने झेप घेतली आणि रेषेच्या वीतभर अलीकडे तिला पाडलं. शिट्टी झाली. एका ट्रायने, म्हणजे रेषेपलीकडे एकदा चेंडू टेकवण्याच्या फरकाने, हरलो.

मग या खेळाची एक रीत आहे, ती बघण्यासारखी असते. जिंकलेल्या मुली धावत येऊन दोन ओळींत उभ्या राहिल्या आणि हरलेल्यांसाठी टाळ्या वाजवू लागल्या. आपल्या मुली त्या बोळातून मान खाली घालून चालल्या. आणि बोळाच्या शेवटी, कोणी बोलावलेलं नसताना, नऊवारी सावरत सुनंदाबाई येऊन उभ्या होत्या. त्याही टाळ्या वाजवत होत्या, भजनात वाजवतात तशा, लयीत.

हर्षाली त्यांच्यासमोर आली आणि हुंदका फुटला.

"हारनी म्हनीसन रडस का? इतली भारी खेळनी."

"नाही मोठीमाय. मला एक सांगायचंय. आत्ताच."

मागे मुलांचा संघ उभा होता. प्रेमराज पाण्याची बाटली घेऊन पुढे आला होता, तो तिथेच थांबला. भटूला काय येणार ते कळलं, आणि तो जाडजूड गडी एका बारक्या मुलामागे लपायचा प्रयत्न करू लागला.

हर्षालीने सगळं सांगितलं. दोन डबे, सुटलेलं फडकं, कडुनिंब, डोळे मिटून खाल्लेले रोट. बोलताना ती मोठीमायकडे बघत नव्हती. त्यांच्या पायांतल्या जोडव्यांकडे बघत होती.

"तुम्हीच म्हणाला होता ना, आपला रोट जो खाईल तो आपला भाऊबंद… मग आता तो माझा भाऊ झाला ना? आता कसं होणार?"

सुनंदाबाई पोरीच्या मातीने भरलेल्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. हर्षालीला वाटलं, संपलं. प्रेमराजच्या हातातली बाटली तिरपी झाली होती आणि पाणी त्याच्या बुटावर सांडत होतं, पण त्याचं लक्ष नव्हतं.

मग सुनंदाबाईंचे खांदे हलायला लागले. हर्षाली घाबरली, मोठीमाय रडतेय की काय. त्या हसत होत्या. पदर तोंडाला लावून, पोट धरून.

"माय व माय," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "रोट खाईसन भाऊ व्हतात, तं मी इतला वरीस भाऊना घर नांदी राहिनू का?"

हर्षालीने मान वर केली.

"मी कोठली? पारोळानी. परका कुळनी पोर. लगीन करीसन ऊनू, पहिली कानबाई बसनी, मी कोपराले उभी. बापना घरना रोट सुटना, आन् हाई घर आजून मनं व्हयेल नही. तुनी आजी उठनी, मना तोंडमा पहिला घास तिनं घाला. म्हने, बाई, देवी जेले घरमा लेस, तेले रोट देस." त्यांनी हर्षालीच्या गालावरची माती अंगठ्याने पुसली. "भाऊबंद म्हंजे घरनं मानूस व माय. तू तवय बठ्ठी गल्लीले रोट वाटाले निंघनी व्हती, म्हनीसन तसं सांगं तुले. घरनं मानूस भाऊच व्हस का? सून बी घरनी. जवाई बी घरना."

हर्षाली तिथेच गवतावर बसली. श्रावणापासून अडकलेला श्वास तिने सोडला, तो हसण्यासारखाही होता आणि रडण्यासारखाही.

सुनंदाबाई प्रेमराजकडे वळल्या. त्याने गडबडीने वाकून नमस्कार केला, बाटली घेऊनच. उरलेलं पाणी त्यांच्या पायावर.

"पाय धुवाले लागना आत्तेच," त्या म्हणाल्या. "गोड लागना व्हता का रोट?"

"हो… मोठीमाय," तो म्हणाला. कोणी सांगितलं नव्हतं तरी त्याने तेच नाव घेतलं.

"मंग येती कानबाईले दळाले बसानं. जात्यावर. देवीना रोट खादा शे, तं हात बी लावना पडी." मग त्यांनी आजूबाजूला नजर फिरवली. "आन् तो मना वाघ कोठे शे? लाल फडकावाला?"

भटू पळाला. पहिल्या रांगेतला खेळाडू इतका जोरात पळताना फत्तेसिंग सरांनी तोवर पाहिला नव्हता.

संध्याकाळी, या खेळाच्या रिवाजाप्रमाणे, दोन्ही संघ एकत्र जेवले. यजमान जळगावकर, तेव्हा पानात भरीत आलंच, कांद्याची पात आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. गुजरातच्या मुली बोटं चाटत होत्या. मांडवाच्या कडेला, जिथे भरताच्या वांग्यांची काटक्यांची आग अजून धुमसत होती, तिथे हर्षाली हात शेकत उभी होती. प्रेमराज येऊन शेजारी उभा राहिला. त्याने एक काटकी आगीत सरकवली.

"म्हणजे," तो म्हणाला, "अख्खा हंगाम तू मला चेंडू दिला नाहीस… ते पुरणपोळीमुळे?"

"रोट."

"एकच तर खाल्ला होता."

"मी डबा बघितला होता, प्रेमराज."

"…बरं. भूक लागली होती." तो मग आवाज उतरवून म्हणाला, "मला वाटलं, तुला मी आवडत नाही. मग वाटलं, आवडतो पण दुसरं कोणी ठरलंय. मग वाटलं, माझा खेळच वाईट आहे. सगळं वाटून झालं. हे तेवढं नाही वाटलं."

"तू तरी रोज तिथेच उभा राहायचास. का?"

"मागच्यावर विश्वास ठेवायचा असतो ना. मग मागच्याने जागा सोडून कसं चालेल?"

तिने त्याच्याकडे बघितलं. आगीचा उजेड त्याच्या गालावर हलत होता.

"मी रोज रात्री देवीला सांगायचे," ती म्हणाली. "बाई, तू देशील ते सगळे भाऊ मला चालतील. पाहिजे तर आख्खा संघ दे भाऊ म्हणून. पण… हा नको. हा मला भाऊ म्हणून नको."

तो हसला नाही. मग त्याने तोंड वर केलं, चांदण्यांकडे बघितलं, आणि कोणाशी तरी ओळख काढावी तसा म्हणाला, "कानबाई माते, मी धुळ्याचा प्रेमराज. तुझे रोट न विचारता खाल्ले, माफ कर. पण ही मला केळं पाडलं त्या दिवसापासून आवडते. बाकी तू आणि मोठीमाय बघून घ्या."

"इतक्या मोठ्याने?" हर्षाली कुजबुजली. मांडवातलं बोलणं थांबलं होतं.

"देवी लांब आहे," तो म्हणाला. "आणि तू जवळ आहेस, म्हणून तुला हळू सांगतो." आणि त्याने तिला हळू काय सांगितलं, ते तिने मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. सांगायचं नसेल ते माणसाने मनातच ठेवावं.

वैशाखात लग्न झालं. पुढच्या श्रावणात अमळनेरच्या घरी जात्यावर एक उंच जावई बसला होता, घामाने निथळत. भटू बाजूला बसून मोजल्यासारखं करत होता आणि मधेच खुंटा ओढत होता. सासरी गेलेल्या लेकीला माहेरचे रोट चालत नाहीत, हाही त्या घरचा नियम. हर्षाली हसून म्हणाली, मोठीमाय, हा खाणार आणि मी बघणार? तेव्हा सुनंदाबाईंनी देवीपुढचा नारळ तिच्या ओटीत घातला. म्हणाल्या, धुळ्याले ले जा. तुना घर बसाड. त्या वर्षापासून धुळ्यातही एका घरी कानबाई बसते.

तर बाई, एवढंच. आता एक मागणं आहे, ते ऐक आणि मग ऊठ. श्रावणातल्या त्या रविवारी तुझ्याही घरात कोणी नवी सून कोपऱ्याला उभी असेल, कोणी परका मुलगा दारात बूट काढून अवघडून थांबला असेल. ताटं मांडशील तेव्हा आधी त्यांच्याकडे बघ. आणि घास हातात घेतलास, की पारोळ्याहून आलेल्या सुनंदाबाईची एकदा आठवण काढ.